खोडरबराचा भुसा

— नाही मॅडम, पत्र मला कळलं. वाचता येतं मला. 'आपल्या मुलाचे गुण मर्यादेपेक्षा कमी आल्याने त्याला मानसिक आरोग्याच्या या अभ्यासात घेता येत नाही.' कमी म्हणजे चांगलं ना तुमच्यात? म्हणजे माझा मुलगा ठणठणीत — अहो, आठ महिने झाले, दार लावून बसलाय तो! ताट दाराशी ठेवायचं, तासाभराने उचलायचं, अर्धं तसंच. आणि तुमचं पत्र म्हणतं, ठणठणीत! — हो, माहितीये, उत्तरं मीच दिली. तेच सांगायला आलेय. चुकीची आहेत ती. सगळी.

तुम्ही आलात तेव्हा माझी जाऊ बसली होती, आठवतंय? शिवणाच्या मशीनजवळ, पाय पसरून — नवऱ्याची पँट आखूड करायला आणलेली. तुम्ही म्हणालात, जरा एकांत मिळेल का. तर मीच म्हटलं, असू द्या हो, घरचंच माणूस आहे. का म्हटलं? आता तिला ऊठ म्हटलं असतं, तर तिथेच कळलं असतं ना तिला, की कुठेतरी पाणी मुरतंय! तिला आम्ही सांगितलंय, पोरगा परीक्षेचा अभ्यास करतोय. आठ महिने अभ्यास! एवढ्यात न्यायाधीश झाला असता. तर तुम्ही विचारलंत, मुलगा घरातल्यांशी बोलतो का — कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी? मी म्हटलं, नेहमी. जेवतो? व्यवस्थित. झोप? डाराडूर! एकदा तोंड सुटलं की सुटतच जातं हो. आणि तुम्ही खुणा करत होता, मान हलवत होता — मला वाटलं, चला, मार्क चांगले पडतायत. मूर्ख बाई मी. तुमच्यात त्रास जास्त तर मार्क जास्त, ते मला कुठे माहीत!

पण खरं ते नाहीच. खरं वेगळंच आहे, आणि ते मी कुणाला सांगणार नव्हते. माझ्याशी बोलायच्या आधी तुम्ही त्याच प्रश्नांचा त्याच्यासाठीचा कागद दाराखालून आत सरकवलात ना, पेन्सिलीसकट? आणि आतून आवाज यायला लागला, करकर, करकर — लिहीत होता तो! इतकं बरं वाटलं मला. जावेला डोळ्यांनीच म्हटलं, बघ, अभ्यास. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. घर केवढं आमचं? दोन खोल्या, मधे प्लायवूडचं दार. आणि मी तर ठणकावून सांगत होते, जावेला नीट ऐकू जावं म्हणून. कागद बाहेर आला, तुम्ही दोन्ही शेजारी धरलेत आणि म्हणालात, छान, दोघांचं जुळतंय. जुळणारच!

तुम्ही गेल्यावर मी केर काढला. दाराच्या फटीशी हा एवढा खोडरबराचा भुसा. तिथेच खाली बसले मी, केरसुणी हातात घेऊन. त्याने आधी खरं लिहिलं होतं हो. मग आतून माझं ऐकलं, आणि एकेक खोडून माझ्यासारखं केलं. आई खोटी पडायला नको म्हणून. — त्याच दिवशी का नाही आले? लाज वाटली. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, त्यांच्या लक्षात येईलच.

परत विचारा ना मला. एवढंच मागतेय, आज सोबत कुणी नाही. — नाही? — हो, पत्र गेल्यावर उत्तरं बदलायची म्हटलं तर उद्या कुणीही येईल, पटतंय मला, रागावले नाही मी. आमच्या कामात चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येतं, म्हणून आपलं म्हटलं. — दवाखान्याचा पत्ता दिलात, उपकार झाले. पण तिथे त्याला चालत यावं लागेल ना? आंघोळीला बाहेर येत नाही तो धड! तुमची माणसं घरी येणार होती, दाराशी बसून बोलणार होती, तो आत असला तरी. त्यासाठी तर हो म्हटलं होतं मी. — पुढची तुकडी सहा महिन्यांनी? सहा महिने मी त्या दाराला काय सांगू, मॅडम?

बरं, त्याचा कागद खिडकीशी धरून बघा तरी. मला नका दाखवू, तुम्हीच बघा, पेन्सिलीचे वळ दिसतील. — दिसतायत ना? पहिला खोडलाय? दुसरापण. इथे तर कागद फाटायला आलाय, मला इथूनसुद्धा दिसतंय! मी काय म्हणत होते? — हा खालचा प्रश्न कसा स्वच्छ आहे? हा एकच? काय आहे तो? चष्मा विसरले, वाचा ना. —

'अडचणीत घरातलं कुणीतरी माझी बाजू मांडेल, असा भरवसा वाटतो.'

आणि खूण कशावर आहे?

— नेहमी.

ठेवा तो कागद, मॅडम. नको, पाणी नको, जाते मी. बाहेर ती बाई थांबलीय, तिला घ्या आत. आणि तिच्यासोबत जी कोण आलीय ना, तिला आधी बाहेर बसवा. ती असू द्या म्हणाली तरी.