आधी बोल, मंग नाव

(कुंभार पिंपळगाव, २००२ साल. ड्रॉइंगचे दिवंगत मास्तर पुंजाराम यांचं घर; त्यांची बायको उषाबाई आणि त्यांचा जुना मित्र बद्रीनाथ. सामान बांधून झालंय, भिंतीवर एकच चित्र उरलंय.)

उषाबाई : …आन खुर्च्या शेजारी देऊन टाकल्या, भाऊजी, तवा त्या ट्रंकेवरच टेका. हे गेल्यापून या घराची पायरी चढला न्हाईत, आन आलात ते बी मी गाव सोडायच्या दिवशी! चादरीत काय आनलं गुंडाळून?

बद्रीनाथ : सांगतो, वहिनी. जरा दम खाऊ द्या. गाडी कधी येऊन राह्यली?

उषाबाई : दुपारी. पोरगा औरंगाबादहून निघाला असंल. म्हनला, आई, भांडीकुंडी आनू नको, फ्लॅटात जागा न्हाई. म्हनलं, मंग मला तरी कशाला नेऊन राह्यला?

बद्रीनाथ : भिंतीवरचं चित्र अजून काढलं न्हाई तुम्ही.

उषाबाई : ते शेवटी. ते माझ्या मांडीवर बसून येनार. ह्यांच्या हातचं तेवढंच तर राह्यलंय माझ्याजवळ.

बद्रीनाथ : वहिनी, मी त्याच्यासाठीच आलो. चित्र घराबाहेर निघालं, तर बोल घेतल्याबिगर कसं जाऊ द्यायचं? मंडळाचा नियमच होता तो.

उषाबाई : अजून हाय का तुमचं ते नवचित्र मंडळ? मला वाटलं, ह्यांच्यासंगंच सरनावर गेलं.

बद्रीनाथ : एक सभासद आहे की जिवंत. मी.

उषाबाई : अगं बाई! म्हंजी अध्यक्ष तुमीच आन शिपाई बी तुमीच.

बद्रीनाथ : आन बैठकीला गैरहजर तो बी मीच.

उषाबाई : एक्क्याऐंशीला काय थाट होता! हे मुंबईला ड्रॉइंगच्या परीक्षेला गेल्ते, तिथं नव्या चित्रांचं कसलंसं प्रदर्शन बघून आले. जेवताना तेच, झोपताना तेच. म्हनले, आपल्या गावात बी करायचं. मी म्हनलं, गाढवाला गुळाची चव काय! ऐकतात थोडंच? बाजाराच्या दिवशी कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला चित्रं टांगली तुमी समद्यांनी.

बद्रीनाथ : आन लोक विचारून राह्यले, ही कोणत्या खताची जाहिरात! एकजण तर माझ्या चित्रासमोर उभा राहून म्हणला, माझ्या कपाशीवर बराबर हाच रोग पडलाय, औषध सांगा.

उषाबाई : तुमी दवाखान्यातले कंपाउंडर. दिलं असंल एखादं मलम.

बद्रीनाथ : पुंजाराम त्या दिवशी रडकुंडीला आल्ता. मंग त्यानंच तोड काढली. म्हणला, लोक चित्राकडं येत न्हाईत ना, आपण चित्रच घरोघर धाडू. महिनाभर या सभासदाच्या भिंतीवर, मंग त्याच्या. रोज डोळ्यांखालून जाईल तेव्हा कधीतरी दिसेल. नाव मात्र लिहायचं न्हाई, आन आपलं चित्र आपल्या घरात लावायचं न्हाई. महिना सरला की घरधन्यानं काय दिसलं ते बोलायचं. आधी बोल, मंग नाव. तोंडदेखली तारीफ नको म्हणून.

उषाबाई : घरधन्यानं! धूळ आमी पुसायची आन बोलायचं धन्यानं. बाईला कधी इचारलं का कुनी?

बद्रीनाथ : न्हाई विचारलं. ते राहूनच गेलं.

उषाबाई : पुढं धर्मराज पेंटर शहागडला ट्रका रंगवायला गेला, भिवा गुरुजींची धावड्याला बदली झाली, तवाच मोडलं म्हना मंडळ.

बद्रीनाथ : मोडलं ते टीव्हीनं. ज्या भिंतीला चित्र, तिथंच टीव्हीचं कपाट यायला लागलं. आखरीला दोनच घरं राह्यली, तुमचं आन माझं. माझ्याकडं तर भिंतीच भिंती. आई गेल्यावर दुसरं आहे कोण? तरी दर महिन्याला पुंजाराम एक चित्र घेऊन यायचा आन एक घेऊन जायचा.

उषाबाई : आन तसल्याच एका म्हैन्यात ते गेले. तुमी बी तोंड दाखवायचं बंद केलं.

बद्रीनाथ : धीर होत नव्हता, वहिनी. आज तुम्ही बोला. काय दिसलं तुम्हाला यात?

उषाबाई : हसताल.

बद्रीनाथ : बिलकुल न्हाई.

उषाबाई : पैल्यांदा तर काईच दिसलं न्हाई. नुसतं पिवळं. म्हनलं, हळदीचा डबा लवंडला जनू. ह्यांचं तेरावं झालं, पाव्हनेरावळे गेले, घर गपगार झालं. हिथंच बसल्ते मी. तवा ते खालच्या कोपऱ्यातलं निळं टिंब दिसलं. एवढंसं. भाऊजी, मला वाटलं, समदे पंगतीला बसलेत आन एकाला हाक मारायची राहून गेलीय.

बद्रीनाथ : …काय म्हणलात?

उषाबाई : भरल्या घरात त्यो आपला कोपऱ्यात. ये म्हननारं कुनी न्हाई, आन आपल्या तोंडानं मागायचा त्याचा सोभाव न्हाई. लई रडले मी. म्हनलं, ह्यांना जलमभर असं वाटत आलं आन मला कधी सांगितलं न्हाई! तवापून ताट वाढलं की मी त्या टिंबाला म्हनते, या, बसा जेवायला. मंगच घास घेते. चार वर्सं झाली. येडी म्हना पायजे तर.

बद्रीनाथ : पिवळं जरा… जास्तच झालंय त्यात. निळ्याला दाबून टाकलं.

उषाबाई : काई जास्त झालं न्हाई! तुमी दोष काढायला टपलेलेच. बराबर जिथल्या तिथं हाय समदं. आन हे काय? डोळे का पुसून राह्यले?

बद्रीनाथ : बोल झाला, वहिनी. आता मला नाव सांगावं लागतं.

उषाबाई : त्याच्यात सांगायचं काय? नाव मला ठावं हाय.

बद्रीनाथ : पुंजारामचं न्हाई ते. त्याच्याच घरात त्याचं चित्र कसं लागेल?

उषाबाई : …अगं बाई. मंग कुनाचं?

बद्रीनाथ : माझं. ते पिवळं म्हणजे दवाखान्यातलं जखमेवरचं औषध आहे, रंगात मिसळलेलं.

उषाबाई : म्हंजी मी रोज… तुमाला जेवायला बोलवीत होते?

बद्रीनाथ : मला ऐकू आलं न्हाई, वहिनी. मी तिकडं एकटाच खिचडी टाकून राह्यल्तो.

उषाबाई : माझ्या बी डोक्यात कसं शिरलं न्हाई! ह्यांच्या माघारी भिंतीला राह्यलं ते ह्यांचंच, असं धरून बसले. मंग ह्यांचं कुठंय?

बद्रीनाथ : ह्या चादरीत. त्या महिन्यात माझ्याकडं आल्तं. घ्या. तुमचंच आहे.

उषाबाई : आना बघू. …काळ्या उभ्या रेघा. दारामागं दार, दारामागं दार. भाऊजी, खरं सांगू? ह्यात मला हे कुठंच दिसत न्हाईत.

बद्रीनाथ : मला दिसतो. तिन्हीसांजेला दिवा लावला ना, की मधलं दार जरासं उघडं वाटतं. वाटतं, आता येईल आन म्हणेल, बद्री, चहा टाक. तेवढ्यावर दिवस निघून राह्यले.

उषाबाई : मंग न्या त्यांना परत.

बद्रीनाथ : न्हाई वहिनी, हे बरं दिसत न्हाई. नवऱ्याच्या हातचं आहे ते. पोरगा विचारेल.

उषाबाई : पोराला बापाचा फोटू हाय. आन हे तुमच्याशी जेवढं बोलले तेवढं माझ्याशी कधी बोलले? दार तुमच्यासाठी उघडतंय, मला नुसत्या रेघा. न्या. हे पिवळं मी नेते. माझी समदी गाऱ्हानी ह्यानं ऐकलीत. आता मालक कळला म्हनून काय त्याच्यावर रुसून बसू?

बद्रीनाथ : मंग इथून पुढं अदलाबदल न्हाई. मंडळ आज संपलं.

उषाबाई : संपलं तर संपलं. पिंपळगावात एवढं चाललं हेच लई झालं.

बद्रीनाथ : पोराला नीट टांगायला सांगा. उन्हाच्या भिंतीला नको. औषधाचा रंग आहे, उडून जाईल.

उषाबाई : टांगायचं कुठलं, भाऊजी? भाड्याचा फ्लॅट, मालक खिळा मारू देत न्हाई. कॉटखाली ठेवीन. हात खाली सोडला की लागेल असं.