शाळवाचा अदमास

माझं माहेर कडेगावच्या बाजूला, माळावरचं गाव, आणि तवा तिकडं ऊस न्हवता, सगळा शाळू. शाळू म्हंजे थंडीतली जोंधळ्याची पेर. चौथीपतूर शाळा झाली, मग खुरपं हातात. माझे मालक सांगलीच्या पेठंत एका धान्याच्या शेठकडं कामाला हुते, लग्न करून मी तिकडं गेले. मालकांचं काम काय, तर काढणीच्या आधी गावोगाव फिरून रानं बघायची आणि यंदा किती धान्य येणार ते शेठला सांगायचं, त्यावर शेठ ठरवायचा, आताच घ्यायचं का दम धरायचा. पुढं सायकलवरनं पडून मालकांचा पाय अधू झाला, तवा शेठ म्हणला, बाई, तुमी जाऊन या, तुमाला रान ठावं हाय.

काय सांगू तुम्हाला, लय भारी दिवस ते. सकाळचं दव, लुगडं गुडघ्यापतूर भिजायचं, कुठंतरी हुरडा भाजल्याचा वास यायचा. बांधावरनं बघून मी कवा काय सांगितलं न्हाई, बांधाकडच्या ताटाला ऊनवारा जास्त, तिथलं कणीस मोठंच दिसतं. मधी शिरायचं, कणीस तळव्यावर चोळायचं, फुंकर मारायची आणि दाणा दाताखाली धरायचा. शेतकरी चहा पाजून म्हणायचा, मावशी, यंदा काय खरं न्हाई, चिकट्या रोगानं पीक खाल्लं. त्याची बायको मागनं हसायची, आवं, खाल्लं तर कणगी कशाला सारवून ठेवली?

मग एका वर्षी माझ्याच भावाचं रान बघायची पाळी आली. पाऊस चांगला झालेला, सगळ्या माळावर टपोरा दाणा. शिवा माझा धाकटा भाऊ. म्हणला, आक्का, शेठला सांग, कणसं पोचट हायती, मग घाबरून तो आताच चढ्या भावानं घेईल, सगळ्या गावाचं भलं हुईल. मी म्हणलं, आणि उद्या पेठंत गाड्या भरून आल्या की मी तोंड कुठं लपवू? तो म्हणला, तुला पेठ जवळची का माहेर? मी म्हणलं, माहेरचा म्हणून शाळू पोचट हुतो व्हय रं? आणि उठून आले.

शेठला हाय तसं सांगितलं. शेठ थांबला, त्याचं बघून पेठंतले बाकीचे व्यापारी थांबले, भाव खाली आला.

त्या नागपंचमीला मला न्यायाला कोन आलं न्हाई. मी पिशवी भरून उंबऱ्याशी बसलेली, मालक म्हणले, सोड आता. दिवाळीलाबी न्हाई. आई गेली तवा मी गेले, तर शिवा बोलला न्हाई. लय वर्षं अशीच गेली. रडले न्हाई असं म्हणणार न्हाई, पण खोटं सांगायला पायजे हुतं असंबी म्हणणार न्हाई.

आता शेठचा पोरगा दुकान बघतो. एक कंपनी त्याला मोबाईलवर पिकाचा अहवाल पाठवती, उपग्रहाचे फोटो, पाऊस, कुठं किती दाणा येणार ते. त्या कंपनीतली एक पोरगी माझ्याकडं येऊन सगळं विचारून गेली. हुशार हाय. तिचा अंदाज बरोबर येतो, मी कशाला नावं ठेवू? मला पायपीट करून कळायचं त्याहून जास्त तिला बसल्या जागी दिसतं.

मालक गेले, मी मलकापूरला लेकाकडं असते. गेल्या थंडीत दारात शिवा उभा, डोकं सगळं पांढरं. म्हणला, आता वरनंच फोटो काढत्यात आक्का, कुणाच्या बहिणीला विचारत न्हाईत, रुसायचं कुणावर? मी म्हणलं, एवढं कळायला म्हातारं व्हावं लागलं व्हय, आत ये, जेव. जेवता जेवता म्हणला, तवा पोचट म्हणाली असतीस तर? मी म्हणलं, आजबी म्हणणार न्हाई. तो भाकरी मोडत म्हणला, ठावं हाय मला.

यंदा पंचमीला सोताच न्यायाला आला. गेले. पाणी आलंय, सगळ्या शिवारात ऊस, शाळू आता कोन पेरत न्हाई, आणि उसातलं मला काय कळत न्हाई. भावजयीनं पडवीत बसवून दिंडं वाढली, तवा ध्यानात आलं, माहेरी आले की माझी नजर आधी रानाकडं जायाची. ह्या खेपेला भावाकडं गेली.

तुमचं माहेर हाय का बाई? असलं तर जाऊन या. सुखी ऱ्हावा.