मानपत्रातली दोन वर्षं

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले आरोग्य खात्याचे सचिवसाहेब, ज्यांच्या हाताखाली माझी उमेद गेली ते आमचे विभागप्रमुख सर, आणि मागे चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निरोपाला उत्तर देताना गोड बोलावं म्हणतात. प्रयत्न करते.

पंधरा वर्षं मी इथे कर्करोगाच्या पेशी वाढवल्या. पेशींना रविवार कळत नाही हो! धाकटीच्या वाढदिवशी केक तसाच ठेवून मी त्यांचं खाणं बदलायला आले होते. ती अजून ऐकवते, "आई, तुझी खरी लेकरं त्या काचेच्या बशीत आहेत."

तेरा वर्षं झाली आणि मंदी आली. सरकारने ठरवलं, चालू संशोधनाला वाढीव अनुदान द्यायचं, पण त्यातून नव्या नोकऱ्या निघाल्या पाहिजेत. हेतू चांगलाच होता, सचिवसाहेब. पण सरांना हवं होतं यंत्र. त्यांनी मला बोलावलं. "ताई, राजीनामा द्या. उद्याच वाढीव अनुदानातल्या नव्या जागेवर घेतो. नुसतं कागदोपत्री हो. मी आहे ना!" राजीनामा त्यांनीच लिहून आणला, मी न वाचता सही केली. माझ्या जुन्या जागेचा वाचलेला पगार यंत्राच्या खरेदीत गेला आणि अहवालात मी 'नवी नोकरी' झाले. तेरा वर्षांची जुनी बाई एका दिवसात नवीकोरी!

दोन वर्षांनी अनुदान संपलं, तशी माझी जागाही संपली. सर म्हणाले, "माझ्या हातात काही नाही." केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. परक्याने केलं असतं तर इतकं लागलं नसतं, सर.

आत्ता वाचलेल्या मानपत्रातही 'दोन वर्षांची निष्ठावंत सेवा' असंच आहे. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. पण दोन वर्षांवर निवृत्तिवेतन मिळत नाही. आधीची तेरा वर्षं सलग धरावीत, राजीनामा नावापुरता होता, एवढंच लिहिलेलं पत्र मी तीनदा सरांच्या टेबलावर सहीसाठी ठेवलं. तीनदा उत्तर आलं, "बघतो."

महोदया, ते पत्र मी सोबत आणलंय. आपल्या परवानगीने सरांना इथेच देते. चारच ओळी आहेत, सर. मी वाचलं नव्हतं, तुम्ही मात्र वाचून सही करा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चहा गार होईल, तुम्ही सुरुवात करा. सर, हे घ्या पेन. सही होईपर्यंत मी इथेच उभी आहे.