मामांनी लिहिलेली सुकन्या

मंडळी, आज आधी एक प्रश्न. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही हं, मनातल्या मनात द्या — शेजारी ओळखीचं माणूस बसलंय! समजा, तुम्ही देवळात आलात, घंटा वाजवली, हात जोडले, आणि आज नेमका देवच बोलला. म्हणाला, "तू कोण रे?" काय सांगाल? नाव सांगाल. देव म्हणेल, ते आत्यानं ठेवलं. हुद्दा सांगाल. देव म्हणेल, तो साहेबानं दिला. कुळ, गाव, घराणं? ते तर आजोबांचं! मग तुमचं स्वतःचं काय राहिलं?

बघा, सगळे गप्प! प्रसाद कधी वाटणार असं विचारलं असतं तर एका सुरात बोलला असता.

स्वतःविषयी खरं कसं सांगावं, हे आपल्याला येतं का? आज मी याचं उत्तर पुराणातून काढणार नाही. आज आख्यान आहे एका कासाराच्या पोरीचं. पेटीवाले, द्या जरा सूर... बास, बास! आख्यान आहे, वरात नाही.

तर ऐका. हिंगणवाडी नावाचं गाव. बाजारपेठेत वेळापुऱ्यांचं बांगड्यांचं दुकान. वडील बांगड्यांची पेटी घेऊन जत्रा फिरायचे, दुकान आई सांभाळायची, आणि आईच्या मांडीला मांडी लावून बसायची त्यांची एकुलती एक लेक, सुकन्या. लहानपणापासून बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरण्यात पटाईत! आणि याच घरात राहायचे आईचे थोरले भाऊ, प्रल्हादमामा. लग्न केलं नाही. गावच्या हायस्कुलात क्लार्क. सगळी शाळा त्यांना भाऊसाहेब म्हणायची.

पण मंडळी, भाऊसाहेबांची खरी कीर्ती वेगळीच! पंचक्रोशीत कुणाचाही सत्कार असो — शाल कुणाचीही, नारळ कुणाचाही, मानपत्र मात्र प्रल्हादमामांचं! आणि काय ती भाषा! "आपण ज्ञानाचे अथांग सागर, आपण विनम्रतेचे मेरू, आपण सेवेचा अखंड तेवणारा नंदादीप!" एकदा एकाच व्यासपीठावर दोघांचा सत्कार होता, पोस्टमास्तरांचा आणि गुरांच्या डॉक्टरांचा. वाचणाऱ्याची गडबड झाली, त्यानं पोस्टमास्तरांचं मानपत्र डॉक्टरांच्या नावानं वाचलं. कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याही नाही! डॉक्टरांनी तर डोळे पुसले!

हसताय काय? तुमच्या भिंतीवर पण टांगलेलं असेल एखादं, घरी जाऊन वाचा.

बरं. सुकन्या बारावी झाली. तिला शिकायचं होतं माणसाचं मन — मानसशास्त्र. गावच्या कॉलेजात तो विषयच नाही. मामांनीच शोधून शोधून एक कॉलेज काढलं, लांबचं, मोठं, तिथंच राहून शिकायचं. पण तिथली रीत निराळी! नुसते मार्क बघत नाहीत. म्हणतात, एक निबंध लिहा. तुमच्या भाषेत लिहिलात तरी चालेल. तुमच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगा, ज्यातून तुम्ही आम्हाला कळाल. निबंध पसंत पडला तर मुलाखत, मुलाखत जमली तर प्रवेश. नाहीतर पोर राहिली गावातच, मिळेल तो विषय घेऊन.

आता घरात एवढा मोठा लेखक असताना पोरीनं हातात पेन धरायचं होय? मामा म्हणाले, "तू अभ्यास कर बाळ, निबंधाचं माझ्यावर सोड!" बसले, बाह्या सारल्या, लिहिलं. आणि दुपारी भर दुकानात उभं राहून वाचून दाखवलं —

"शारदेच्या मंदिरातील नंदादीप, हिंगणवाडीच्या क्षितिजावर उगवलेली तेजस्वी चांदणी, विनम्रतेचा मेरू आणि सद्गुणांचा सागर अशी मी, कुमारी सुकन्या..."

स्वतःच्याच तोंडानं, बरं का! विनम्रतेचा मेरू अशी मी! बांगड्या भरायला आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर विचारलं, आमच्या सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला असंच द्याल का लिहून?

आई मात्र काचेचा भुगा झटकत म्हणाली, "छान आहे हो दादा. कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? अगं, आपल्या सुकन्याचं!"

"अगंबाई, हो का?" आई म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

सुकन्या हसली. तिला मनातून कळत होतं, हे पाठवलं की संपलं. पण बोलणार कसं? याच मामांनी बांगड्यांच्या खोक्यांवरची अक्षरं दाखवून तिला वाचायला शिकवलं. दहावीच्या परीक्षेला रजा काढून शाळेच्या फाटकाशी उन्हात उभे राहिले. कॉलेज शोधलं तेही यांनीच! त्यांच्या तोंडावर म्हणायचं, मामा, हे नको? तुम्ही म्हणाला असता? पोरीनं मुकाट्यानं ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं आणि पिशवीत ठेवलं. पाठवायला अजून थोडे दिवस होते.

आणि इथं देवानं गंमत केली! त्याच आठवड्यात मामा निवृत्त होणार होते. शाळेत सत्कार ठरला. मुख्याध्यापिकाबाई संकोचून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमचं मानपत्र... कोण लिहिणार?"

"मीच की! त्यात काय!" मामा म्हणाले.

आहे की नाही कमाल? स्वतःचं मानपत्र स्वतः! अहो, पण दुसरं कोण लिहिणार? गावात ते काम दुसऱ्या कुणी कधी केलंच नव्हतं.

मामा बसले लिहायला. "ज्ञानाचा सागर" — लिहिलं, बघितलं, खोडलं. कुठला सागर? आयुष्यभर दाखले लिहिले! "प्रशासनाचा मेरू" — खोडलं. टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, तो सुद्धा यांना शेवटपर्यंत नीट करता आला नाही! जो शब्द उचलावा तो अंगाला मोठा व्हायला लागला. गावभर वाटलेली विशेषणं, पण घरच्या माणसाला एक लागू पडेना!

संध्याकाळी बिचारे दुकानात येऊन बसले. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, "सुकन्या, मला माझंच जमेना गं. मी या माणसाला फार जवळून ओळखतो ना, खोटं लिहायला हात धजत नाही."

पोरीचा जीव तुटला. म्हणाली, "मामा, मी लिहू?"

"तू? तुला ती भाषा कुठं येते?"

"नाहीच येत. मला येते तीत लिहिते."

मंडळी, त्या सत्काराला मी स्वतः होतो. सत्कारानंतर माझं कीर्तन ठेवलेलं, म्हणून कोपऱ्यात पगडी सावरत बसलो होतो. सुकन्या उठली. ना सागर, ना मेरू. पोर सरळ वाचायला लागली —

"माझे मामा निकालाच्या दिवशी ऑफिसची खिडकी बंद ठेवतात. पास झालेल्यांना गुणपत्रिका बाहेर शिपायाकडून मिळते. नापास झालेल्याला मामा आत बोलावतात, खुर्चीवर बसवतात, स्वतः स्टोव्हवर चहा करून पाजतात. चहा संपल्यावरच कागद हातात देतात. मी विचारलं होतं, असं का? मामा म्हणाले, रिकाम्या पोटी वाईट बातमी ऐकू नये."

संपलं. बसली खाली. टाळी नाही! मला वाटलं, झालं, पोरीचं फसलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक आडदांड गडी उठला. निसार, ट्रक चालवणारा, गावात कुणी वाटेला जायचं नाही त्याच्या. म्हणाला, "भाऊसाहेब... तो चहा मी प्यायलोय. त्या दिवशी घरी जाणारच नव्हतो मी." आणि मग, काय सांगू तुम्हाला, इकडून एक उठला, तिकडून एक उठली. "मीपण प्यायले!" "मी दोनदा प्यायलो!" नापास पोरांची ही एवढी रांग! आणि मामा? शाल तोंडावर घेऊन लहान मुलासारखे रडत होते. अहो, मीही रडलो! त्या दिवशी माझं कीर्तन पडलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

घरी आल्यावर मामा म्हणाले, "सुकन्या, मी लिहिलेला तुझा तो निबंध काढ बघू." तिनं भीत भीत काढला. मामांनी चष्मा चढवला, पहिली ओळ वाचली, आणि फस्सकन हसले! "अगं, यात तुझ्या जागी निसारचं नाव घातलं तरी चालेल की! विनम्रतेचा मेरू, निसार!" हसता हसता थांबले. म्हणाले, "तुझ्या कागदात मी होतो बाळ. माझ्या कागदात तू कुठं आहेस? मी माझी हौस लिहिली गं, तुला लिहिलंच नाही."

"मामा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाटलं तर वाटू दे! माझ्या वाईट वाटण्यापायी तू आयुष्य घालवणार होतीस?"

आईनं तो कागद उचलला, घडी घातली आणि त्यात कुणाच्या तरी बांगड्या बांधून दिल्या. लेखक लोकांची हीच गत होते घरात!

मग मामा म्हणाले, "आता सांग. लिहू नकोस, आधी मला सांग. असं काय घडलं, जे तुझ्या मनातून जात नाही?"

सुकन्या म्हणाली, "मामा, गेल्या श्रावणात एक नवी सून आली होती चुडा भरायला. हात फार ताठ. आईनं मला शिकवलंय, हात ताठ असला की माहेरचं विचारायचं, बाई बोलायला लागते, हात सैल पडतो, बांगडी अलगद आत जाते. मी सगळ्यांना तेच विचारते. तिलाही विचारलं, काय वहिनी, सणाला माहेरी कधी? तिनं हिसडा मारून हात ओढला. बांगडी पिचली, रक्त आलं. एका हातात हिरवा चुडा, दुसरा हात रिकामा, तशीच उठून गेली. नंतर कळलं, तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून माहेरचं दार बंद होतं."

"अहाहा! काय ही करुणेची मू..." मामांनी स्वतःच्याच तोंडावर हात मारला! सवय हो, जाते का लगेच? "बोल, बोल, मी गप्प."

"तेव्हापासून मी हात हातात घेते आणि विचारत नाही. बाई आपणहून बोलेपर्यंत थांबते. कुणी बोलतं, कुणी नाही बोलत. पण हात सैल पडतो मामा! का पडतो, ते मला शिकायचंय."

मामा उठले, कागद पुढं ठेवला. "आत्ता जसं बोललीस तसं लिही. एक शब्द वाढवायचा नाही. मी वाढव म्हटलं तरी नाही!"

पोरीनं लिहिलं, पाठवलं. मुलाखतीचं बोलावणं आलं! तिथल्या एका बाईंनी एवढंच विचारलं, "त्या सुनेचं पुढं काय झालं?"

सुकन्या म्हणाली, "मी घर शोधून काढलं. दारापर्यंत गेले. मग वाटलं, माफी मागायला दार वाजवलं तर त्यांना परत सगळं बोलावं लागेल, आणि मोकळी मीच होईन. म्हणून दुसऱ्या हाताच्या बांगड्या ओट्यावर ठेवल्या आणि परत आले. त्यांनी घातल्या की नाही, मला माहीत नाही."

मंडळी, इथं आपण काय केलं असतं? शेवट गोड केला असता! ती सून हसत आली, गळ्यात पडली, असं ठोकून दिलं असतं. पोर म्हणाली, माहीत नाही. आणि त्या "माहीत नाही"वर तिला प्रवेश मिळाला!

जायच्या दिवशी सगळी पेठ एसटी स्टँडवर. लोकांना वाटलं, आता भाऊसाहेब बोलणार! मामा खिडकीशी गेले, छाती भरून श्वास घेतला, "आमची सुकन्या..." आणि पुढं शब्दच फुटेना. गाडी सुरू झाली. तसे मामा खिडकीबरोबर चालत घाईघाईनं म्हणाले, "डबा बॅगेच्या वरच्या खणात आहे. मेथीचे पराठे आधी खा, लोणचं सांडलं तर पुसायला फडकं ठेवलंय." सुकन्यानं खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात घट्ट धरला, गाडीनं वेग घेईपर्यंत. गावात आजही म्हणतात, भाऊसाहेब इतकं सुंदर कधीच बोलले नव्हते.

आता तुमच्याकडे वळतो, पळू नका! तुमच्या पोरांनाही असं काही लिहावं लागेल. लिहू द्या त्यांना! चुकू द्या, वेडंवाकडं लिहू द्या, पण त्यांचं त्यांना लिहू द्या. तुम्ही चांदणी नि सागर घेऊन मध्ये जाऊ नका. आणि अध्यक्ष, हो, तुम्हीच! मघापासून बघतोय, ती शाल आणि त्याखाली गुंडाळलेला कागद माझ्यासाठीच आहे ना? सागर असेल तर खोडा. लिहा, हा बुवा प्रसादातला गूळ आधीच खातो आणि दुसऱ्याचं दुःख सांगताना स्वतः रडतो. तेवढं खरं आहे, तेवढ्यात मी खूश!

टाळ घ्या हातात, गजर करायचाय. पण त्याआधी एक काम सांगतो, ते घरी जाऊन करायचं. जिनं लवकर स्वयंपाक उरकून तुम्हाला आज इथं पाठवलं, तिच्याविषयी एक वाक्य मनात जुळवा — असं, की जे शेजारणीला लागू पडणार नाही. सुचलं तर तिला ऐकवा. नाही सुचलं, तर लाजू नका. तिच्याजवळ जाऊन बसा, आणि ती आपणहून बोलेपर्यंत, बाबांनो, गप्प बसा.