पाचाला हात लावायचा न्हाई

...न्हाई, तुमी मला सांगा, जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावतेत ते जेवायला बोलावतेत का आकडे भरायला? तीन वर्सांनी एकदा येतोय हा अधिक महिना, आन् त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण! त्याला नवे कपडे करायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे करायचे, त्याच्यावर तुपाची धार सोडायची... आन् ह्या नारायणाच्या पोटात सकाळपासून काय? तर एक चहा! घरून निघताना बायको म्हणली, 'काही खाऊ नका, आई लई करून ठेवती, ताटात टाकलं की तिच्या जिवाला लागतंय.' म्हणून मी अर्धापूरपासून निलंग्यापर्यंत उपाशी आलो. नांदेडकडच्या अर्धापूरचा माणूस मी! दारात केळीचं रान! पिशवीत एक फणी टाकली असती तर कुणी धरलं असतं का मला? पण न्हाई टाकली, कारण बायकोनं सांगितलं व्हतं.

तर तुम्हाला सांगतो, माझे सासरे देविदासमामा. मास्तर व्हते, आता रिटायर हायेत. दुसरी माणसं पूजा झाल्याबिगर जेवत न्हाईत, आमचे मामा पेपरातलं सुडोकू झाल्याबिगर जेवत न्हाईत. सुडोकू म्हणजे काय लई मोठं न्हाई बरं का. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, एक ते नऊ आकडे, आन् एका ओळीत एक आकडा दोनदा यायचा न्हाई, बारक्या चौकटीत बी यायचा न्हाई. बस. रोज करतेत, करू द्या, आपलं काय जातंय? पण नेमकं धोंड्याच्या दिवशी पेपरवाल्यानं वर छापलं 'अति कठीण'! आता त्या घरातला कायदा बघा. बाया जावयाच्या आधी जेवायच्या न्हाईत. जावई सासऱ्याच्या आधी पानावर बसायचा न्हाई. आन् सासरा सुडोकूच्या आधी उठायचा न्हाई. म्हणजे त्या हाताएवढ्या चौकोनापायी अख्खं घर उपाशी!

आन् त्यात आमचे साडू. सुदर्शनराव. लातूरला क्लासमदी गणित शिकवतेत. मामा अख्ख्या गावाला सांगत फिरतेत, 'लातूरचे जावई म्हणजे नुसतं डोकं. आन् नांदेडकडचे जावई...' असं म्हणून थोडं थांबतेत, आठवतेत, आन् मंग म्हणतेत, 'जेवायला लई चांगले हायेत.' आता ह्यात माझी चूक काय? मी चांगला जेवतो, ही काय शिवी झाली का? पण राजकन्या, म्हणजे माझी बायको, दर खेपेला हे ऐकती आन् घरी येऊन माझ्याशीच अबोला धरती. म्हणून औंदा मी ठरवलंच. महिनाभर केळीला पाणी सोडायचं आन् बांधावर बसून मोबाईलवर सुडोकू करायचं. एकदा, फक्त एकदा, मामांच्या तोंडून यायला पाहिजे की व्यंकटरावाला बी डोकं हाय. तेवढ्यासाठी आलो व्हतो हो मी, धोंडे तर वरचे!

हातपाय धुऊन आलो तर बाजेवर मामा, बाजूला सुदर्शनराव, मामांच्या मांडीवर पेपर, आन् मधल्या चौकटीत निळ्या पेनानं एक पाच आधीच लिहिलेला. टपोरा पाच. पेन एकच, मामांचं. बसलो.

सुदर्शनरावांनी लगेच सुरू केलं, क्लासचा आवाज लावून, 'मामा, इथं एक्स-विंग लागतंय बघा. ह्या ओळीत दोनाला दोनच घरं, त्या ओळीत बी दोनच, आन् ती बरोब्बर एकाखाली एक. म्हणजे ह्या दोन उभ्या खांबांत बाकी कुठंच दोन न्हाई.' मामा म्हणले, 'वा.' नुसतं 'वा' न्हाई हो, डोळे मिटून 'वा'! माझ्या पोटात भूक तर व्हतीच, वर आग पडली. म्हणलं, 'मामा, एक्स-विंग कशाला पाहिजे? इथं उघडी जोडी हाय की!' सुदर्शनराव म्हणले, 'ते प्राथमिक झालं.' म्हणलं, असू द्या प्राथमिक, तुमी आधी ऐका. ह्या दोन घरांत फक्त तीन आन् आठच बसू शकतेत. म्हणजे एसटीत दोघांनी खिडकीतून दोन सीटवर रुमाल टाकला. कोण खिडकीला बसंल, कोण कडंला, ते त्यांचं ते बघतील, पण तिसऱ्यानं तिथं टेकायचं न्हाई. ओळीतल्या बाकीच्या घरांतून तीन गेला, आठ बी गेला! मामांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, 'हां.' 'वा' न्हाई, पण 'हां' आला. स्वयंपाकघराच्या दारात राजकन्या उभी व्हती, तिनं ऐकला तो 'हां'. मला तेवढ्यानं धोंडा खाल्ल्यासारखं झालं.

मंग काय, सुदर्शनराव पेटले! म्हणले, 'आता स्वोर्डफिश.' नाव माशाचं, पण हे म्हणजे तेच एक्स-विंग, दोनाच्या जागी तीन ओळी आन् तीन खांब. बोटं ह्या ओळीवर, कोपर त्या ओळीवर, पेपरवर जणू सतरंजी विणायलेत! आन् इतकं सगळं करून निघालं काय? तर एका घरातून एक सात कमी झाला. म्हणलं, साडूभाऊ, एका सातासाठी एवढा मोठा मासा? आन् मामांची तर तिसरीच तऱ्हा. मामा टेक्निक-बिक्निक करत न्हाईत. चष्मा कपाळावर चढवतेत आन् रिकाम्या घराकडं नुसतं टक लावून बघतेत. तीस वर्सं वर्गावर असंच बघितलंय त्यांनी. आकडा घाबरून आपणच कबूल व्हतोय.

आतून पुरणाचा वास यायला लागला... वेलची... मंग कढलेलं तूप... अहो, माणूस हाय का दगड? आन् तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की खालच्या डाव्या चौकटीत नऊला घरच न्हाई! ह्या घरात टाका, आडवा नऊ अडवतोय. त्या घरात टाका, उभा अडवतोय. परत मोजलं, मागं मागं गेलो, आन् सगळ्याचं मूळ निघालं तो पाच! मधल्या चौकटीतला तो निळा टपोरा पाच! पाच चूक हाय! मी जिंकलो की! तोंड उघडलं... आन् तसंच मिटलं. कारण पाच कुणाचा? मामांचा. पेन मामांचं, पेपर मामांच्या मांडीवर, मी यायच्या आधीपासून लिहिलेला. आन् आपल्याकडं रीत काय? मोठ्यांनी लिहिलेलं ल्हानांनी खोडायचं न्हाई. त्यात सासरा! त्यात मास्तर! म्हणजे कोडं सोडवायचं, डोकं दाखवायचं, भूक मारायची... पण पाचाला हात लावायचा न्हाई!

सुदर्शनरावांना पाणी प्यायच्या निमित्तानं रांजणाकडं नेलं. म्हणलं, 'साडूभाऊ, त्या पाचाचं काय?' ते इकडं तिकडं बघून म्हणले, 'मला कवाच कळलंय.' म्हणलं, मंग ते स्वोर्डफिश कामून करून राहिले? तर म्हणले, 'हातात काम असलं की माणूस हुशार दिसतोय. आन् मामांना चूक सांगणार कोण? तुमी सांगा, तुमी धाकटे.' म्हणलं, तुमी सांगा, तुमी थोरले! तर म्हणले, 'माझी इज्जत हाय घरात.' म्हणजे माझी न्हाई! पाणी पिऊन दोघं गुमान परत येऊन बसलो.

मंग मी जरा आडून विचारलं. म्हणलं, मामा, हा पाच... ह्याच्याबद्दल तुमचं काय मत हाय? मामांनी चष्मा खाली घेतला, पाचाकडं बघितलं, आमच्या दोघांकडं बघितलं, आन् लई गंभीरपणे म्हणले, 'पाच फार सुंदर बसलाय.' घ्या! स्वतःच्याच पाचाची स्वतःच तारीफ! माणसाला काही लाज? सुदर्शनराव लगेच, 'हाव हाव, पाचामुळंच तर रचना कळली.' मी बी मान हलवली. काय करता? पाचाला हात लावायचा न्हाई!

मंग पुढं काय झालं ते सांगायला सुद्धा भूक लागती. सुदर्शनरावांनी एक्सवाय-विंग काढलं. मधल्या घरात हे आलं तर इकडं सात, ते आलं तर तिकडं सात, म्हणून त्या दोघांना जे घर दिसतंय तिथं सात न्हाई. बरोबर हाय, तर्क एकदम बरोबर, पण मुळातच पाच चूक, त्याला तर्क काय करंल? मी आमची नांदेडी पद्धत लावली, एक आकडा टाकून बघायचा, पुढं जायचं, अडलं की परत यायचं. सगळ्या वाटांनी जाऊन त्या पाचापाशीच परत येऊन राहिलो. बाया दारातून बघायल्यात, मोठी मेहुणी वर्षाराणी जांभया द्यायली, सासूबाईंनी धोंडे दोनदा गरम केले, आन् आमी तिघं शहाणी माणसं त्या पाचाभवती उंबराला घातल्यावानी फेऱ्या घालून राहिलो!

शेवटी सासूबाई बाहेर आल्या. सुभद्राबाई. गरीब माऊली हो, कधी आवाज चढवला न्हाई. पदराला हात पुसत म्हणल्या, 'अजून होईना का? मी तर सकाळी तुमाला मदत म्हणून एक घर भरून ठेवलं. हे सुदर्शनरावांना घ्यायला फाट्यावर गेले, तवा पेपर आन् पेन बाजेवरच व्हतं. धोंड्याचा दिवस हाय, म्हणलं शुभ आकडा टाकावा. पाच टाकला.'

तुम्हाला सांगतो, मी मामांकडं बघितलं, मामांनी सुदर्शनरावांकडं. मामा हळूच म्हणले, 'मला वाटलं, मी पाणी सांगायला आत गेलो तवा तुमच्या दोघांपैकी कुणी टाकला. धोंड्याच्या महिन्यात नारायणाचा आकडा कसा खोडायचा?' म्हणजे आमी त्यांचा म्हणून सोडला, त्यांनी आमचा म्हणून सोडला! आन् सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. म्हणल्या, 'कामून? चुकला का माझा पाच?'

मला महिनाभर बांधावर बसून काय शिकलो ते सगळं आठवलं. राजकन्या बघत व्हती. एक शब्द बोललो असतो, 'चुकला', तर नांदेडचं डोकं अख्ख्या निलंग्याला कळलं असतं. पण ती माऊली सकाळपासून चुलीपुढं व्हती, अन्नाचा कण तिच्या पोटात न्हवता, आन् तिनं तो पाच आमी लवकर जेवावं म्हणून टाकला व्हता. तिघं एका सुरात म्हणलो, 'न्हाई न्हाई.' मामांनी पेनाला टोपण लावलं. म्हणले, 'पाच बरोबर हाय. पेपरवाल्याचं चुकलंय. पानं वाढ.'

जेवलो. धोंडे तिसऱ्यांदा गरम केलेले, वरून कडक, आतून थंड. मामा त्या दिवसापासून गावात सांगतेत, 'दोन्ही जावई सारखेच.' राजकन्या खूश हाय, म्हणती लातूरची बरोबरी केली. कशात केली, ते मी तिला सांगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं. त्या घरात आठ छापलेला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ त्या आठाकडं बघितलं, आतून सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या, तसं मामांनी पेन काढलं आन् पेपरवाल्याच्या छापील आठाचा गिरवून गिरवून पाच केला... आन् पेपर माझ्याकडं सरकवून म्हणले, 'व्यंकटराव, बघा, जुळलं का?' म्हणलं, जुळलं मामा.