मिस्त्रीसमोर कधीच बंद न पडणारी गाडी

...नाही नाही, माणसांचं मी समजू शकतो हो! माणसाला जीभ आहे, पोट आहे, तो दगा देणारच. पण गाडी? जिला मी सतरा वर्षं दर रविवारी स्वतःच्या हातानं पुसली, जिच्या सीटवर कुणाला साधं बिस्किट खाऊ दिलं नाही, बायकोला तर स्टेअरिंगला बोटसुद्धा लावू दिलं नाही, त्या माझ्या डिझेल गाडीनं मला भर रस्त्यात तोंडघशी पाडावं? आणि एकदा नाही, तुम्हाला सांगतो, आठ वेळा!

व्हायचं काय, की घरातून निघाली की अर्धा तास अगदी गुणाची, मग जरासा चढ आला की धाप लागायची, घुर्र... घुर्र... फट्, संपलं! मागे सगळे हॉर्नवर बसलेले, मी बॉनेट उघडून आत बघत उभा, म्हणजे आपल्याला काहीतरी कळतंय असं लोकांना वाटावं म्हणून. मिस्त्रीला फोन करावा, तो त्याच्या सवडीनं तासाभरानं यावा, फडक्याला हात पुसावेत, किल्ली फिरवावी... आणि गाडी एका झटक्यात चालू! जशी काही ती त्या गावचीच नाही! मिस्त्री माझ्याकडे असा बघायचा ना, शाळा बुडवायला पोट धरून बसलेल्या पोराकडे बघतात तसा.

तरी केलं सगळं. "साहेब, फिल्टर." बदलला. "साहेब, पंप." बदलला. "इंजेक्टर." काढले, साफ केले, परत बसवले. "साहेब, वायरिंग उंदरानं कुरतडली असेल." दोन दिवस उंदीर शोधला, सापडला नाही. आणि प्रत्येक वेळी ट्रायल! आता या मिस्त्रीचा एक नियम आहे. एकदा कुणाच्या तरी गाडीतलं डिझेल ट्रायलमध्ये संपलं आणि बिचारा दोन मैल ढकलत आला, तेव्हापासून आधी टाकीत डिझेल, मग ट्रायल. मी आपला खिशातून किल्ली काढायचो, टाकीच्या झाकणाचं कुलूप उघडायचो, डिझेल ओतायचं, आणि निघायचं. गाडी त्याच चढावर भुर्रकन! त्या गावचीच नाही!

हो, कुलूप. आता विचारलंतच तर सांगतो.

दर बुधवारी माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, यायचा. "भाऊजी, दोन तास गाडी नेऊ का, जरा काम आहे." न्यायचा, आणून लावायचा, पण डिझेलचा काटा खाली! जायचं इथल्या इथे आणि काटा एवढा खाली? मी काय दूधखुळा आहे? नळी घालून काढून घेत असणार! पण मी बोललो का? नाही. मी सभ्य माणूस. बाजारातून कुलपाचं झाकण आणलं, त्याच्या डोळ्यांदेखत टाकीला बसवलं आणि हवेत बघत म्हटलं, "हल्ली चोऱ्या फार वाढल्यात." तो जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. बायको तेव्हापासून चहाचा कप आपटून ठेवायला लागली. आणि पुढच्याच आठवड्यात गाडी पहिल्यांदा बंद पडली! मी म्हटलं, बघा, तळतळाट लावून गेला!

शेवटी मिस्त्रीनं हात टेकले. "साहेब, वय झालं तिचं. द्या भंगारात." भंगारात! सोमवारी भंगारवाला यायचं ठरलं. रविवारी म्हटलं, शेवटचं एकदा फिरवून आणू. बायको शेजारी, तोंड खिडकीकडे. आणि चढावर... फट्! मी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. गाडीला म्हटलं, "अगं, आजचा दिवस तरी..." बायकोनं भावाला फोन लावला.

आला. स्कूटरवर, डिझेलचा कॅन घेऊन. मी म्हटलं, काटा अर्ध्यावर आहे. म्हणाला, "काट्याचं काय सांगता, टाकीतच बघू." झाकणाला हात घातला... आणि काढून घेतला. "किल्ली तुमच्याकडे असेल." एवढंच. तुम्हाला सांगतो, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी कुलूप उघडलं, आणि टाकीतून आवाज... फुस्सस्स! मेहुण्यानं किल्ली फिरवली, गाडी चालू. त्यानं झाकण उलटंपालटं करून बघितलं. "भाऊजी, याला हवा घ्यायला भोकच नाही! डिझेल संपेल तशी आत हवा नको? जीव कोंडतोय हो तिचा. जुन्या झाकणाला होतं भोक. बदललंत कशाला?"

बदललंत कशाला! काय सांगू? "चोऱ्या... हल्ली..." आणि तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. रस्त्यात मिस्त्री येईपर्यंत तासाभरात हवा हळूहळू आत झिरपायची, आणि त्याची ती ट्रायल! दर वेळी आधी मी झाकण उघडायचो, आणि मग म्हणायचो, याच्यासमोर कशी पडत नाही बंद!

बायकोनं पर्स उघडली. आतून काय काढावं? लायसन! ड्रायव्हिंगचं! तिच्या नावाचं! "डिझेल कुठे जात होतं, हेच ना? इथे. दर बुधवारी मी देवळात म्हणून निघायचे, आणि हा मला शिकवायचा. तुम्ही शिकवलं असतंत?"

सतरा वर्षांची गाडी, बावीस वर्षांची बायको, दोघी मिळून मला फसवत होत्या हो! आणि मी चोर समजलो कुणाला?

"तुम्ही मागे बसा," बायको म्हणाली, "पुढे बसलात की ओरडाल." बसलो. झाकण नुसतं टेकवलेलं, मेहुणा स्कूटरवरून पुढे, आणि ही बया अख्खा चढ चढली, उतरली, गावात आली, गाडी एकदा उचकली नाही! भंगारवाल्याला तिनंच फोन करून नको म्हणून सांगितलं. गॅरेजसमोर मिस्त्री उभा. हात करून ओरडला, "साहेब, काय निघालं शेवटी?"

बायकोनं ब्रेक लावला. मेहुण्यानं स्कूटर थांबवली. सगळे माझ्याकडे बघतायत... आणि मी? मी मागच्या सीटवर, हातात कुलपाची किल्ली, खिडकीबाहेर बघत... मी त्या गावचाच नाही!