दालीची शेवटची जोडी

चीनमधल्या फोशान शहरात, जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली घेऊन बसलेल्या फुंगबाईंना शेजारचं बोलणं ऐकू येत होतं. एका म्हाताऱ्याजवळ एक कुत्री होती. एका तरुणीच्या पायाशी भुलीतून जागा होणारा कुत्रा.

“काका, दोघं अगदी सारखी! तुमचीही गावठीच ना?”

“गावठी? अस्सल शार-पेई जातीची आहे, पोरी. दाली गावची.”

“थट्टा करता होय! शार-पेई म्हणजे सुरकुत्यांची गोधडी.”

“त्या परदेशात वाढवलेल्या सुरकुत्या. आमच्या इथल्यांची कातडी अंगाला घट्ट. हात फिरव, वाळूसारखी खरखरीत लागते की नाही? जीभही बघ, निळी-काळी.”

“अगंबाई! आमच्याचीही तशीच आहे.”

“कुठून आणलास याला?”

“दालीच्याच माक आजोबांचा. ते गेले, मुलानं देऊन टाकला.”

“माकचा? अगं, वर्षभर यालाच शोधतोय मी! दुसरा नर कुठे उरलाच नाही. ही माजावर आलीये, वयही झालंय. पुन्हा येईलसं वाटत नाही. एक पिल्लू तुला देईन.”

“काका…”

“दोन घे.”

“काका, आत्ताच याची नसबंदी केली. मला वाटलं, गावठी आहे.”

फुंगबाईंनी टोपलीचं झाकण उगाचच घट्ट केलं.

“फरशी गार आहे, पोरी. हे माझं जाकीट घाल त्याच्याखाली.”